काळ्या लुगड्यातली बसलेली बाई: व्यक्तिचित्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छत्रपती संभाजीनगरमध्ये तैलरंगात वास्तववादी व्यक्तिचित्रं करते आणि शिकवते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून लोक येतात. बहुतेकांना घरातल्या एखाद्या बाईचं चित्र हवं असतं: आईचं, आजीचं, आत्याचं, कधी सासूचं. ती बसलेली हवी असते, आणि अंगावर बहुधा गडद कापड असतं, कारण आमच्याकडच्या जुन्या पेट्यांत काळी चंद्रकळा किंवा निळं-काळं इरकल निघतंच. चित्र करून घेणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

वास्तववादी चित्र म्हणजे फोटोसारखं हुबेहूब का?

चेहरा ओळखू आला पाहिजे, हे तर आहेच. पण वास्तववाद सुरू झाला तो चित्रात कोणाला जागा द्यायची या भांडणातून. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह कूर्बेने (१८१९–१८७७) ऑर्नां या आपल्या गावातल्या एका दफनविधीचं चित्र केलं. ते ३ मीटरहून उंच आणि ६ मीटरहून रुंद आहे. त्यात गावातलीच माणसं आहेत, काळ्या कपड्यांतल्या बायकांची एक मोठी रांग आहे, आणि सगळे जवळपास मूळ आकारात. तोवर एवढा कॅनव्हास देवांना, राजांना आणि लढायांना मिळायचा. पॅरिसमधल्या अनेकांना ती माणसं कुरूप वाटली. १८५५ मध्ये तिथल्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याची मोठी चित्रं नाकारली गेली, तेव्हा त्याने जवळच स्वतःचा मंडप उभारून त्यावर 'वास्तववाद' अशी पाटी लावली.

आपल्याकडे ही शिस्त १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आली. पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर ही त्या परंपरेतली थोर नावं. समोर माणूस बसवायचा, एकाच बाजूने उजेड घ्यायचा आणि जे दिसतं ते नीट बघायचं, हा त्यांचा रिवाज मीही पाळते. ऊसतोडीला जाऊन आलेल्या बाईला राणीएवढी जागा द्यायची, पण तिची राणी करायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. खालची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

काळं लुगडं घरातल्या चित्रात बरं दिसेल का? लाल किंवा हिरवं करता येईल?

करता येतं, पण मी आधी नाही म्हणते. लग्नकार्यात काळं टाळतात हे खरं. त्याच घरात नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला मात्र काळी साडी घेतात आणि तिच्यावर हलव्याचे दागिने घालतात. आपला विठोबा काळा, आपली जमीन काळी. आजीने आयुष्यभर जे आवडीने नेसलं ते चित्रात बदललं, तर भिंतीवर दुसरीच बाई येऊन बसते.

रंगाच्या बाजूनेही गडद कपडा चित्रकाराला साथ देतो. मोठा भाग शांत राहतो, आणि नजर आपोआप चेहऱ्याकडे आणि हातांकडे जाते. लाल लुगडं चेहऱ्याशी भांडतं.

तिला थोडी गोरी कराल का?

नाही.

हा प्रश्न फार वेळा येतो, तोही प्रेमापोटी, म्हणून जरा सविस्तर सांगते. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीसमोर सगळे थांबतात. त्याच लेण्यात सावळ्या-काळ्या वर्णाच्या राजकन्येचं चित्र आहे, तेही बघा. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारांनी सावळी कातडी किती मायेने रंगवली आहे! गेरू, पिवळी माती, काजळी अशा साध्या सामग्रीतून त्यांनी नाकाच्या शेंड्यावर आणि ओठाखाली उजेड आणला. ज्या मातीत हे घडलं तिथल्या बाईला आपण पावडर लावल्यासारखी रंगवायची, हे मला पटत नाही. सावळ्या चेहऱ्यात रंग जास्त असतात: गालाच्या हाडावर तांबूस, कपाळावर निळसर चकाकी, हनुवटीखाली लुगड्याच्या काठाचा परतून आलेला लाल उजेड. पांढरा रंग मिसळला की हे सगळं खडूसारखं मरतं.

गोंदण आणि सुरकुत्या ठेवता का?

ठेवते. कपाळावरचं, हनुवटीवरचं, हातावरचं गोंदण म्हातारपणी करड्या-हिरव्या रंगाचं दिसतं, कारण ते कातडीच्या आत असतं. ते वरून रेघ ओढल्यासारखं रंगवलं की खोटं वाटतं, म्हणून कातडीचा रंग ओला असतानाच त्यात मिसळावं लागतं. सुरकुत्यांचंही तसंच. एकेक सुरकुती ओढत बसलं तर चेहऱ्याचा नकाशा होतो. गालाचा उतार नीट आला तर सुरकुत्या थोड्याच लागतात.

आजी आता नाही. आधार कार्डाचा एकच फोटो आहे. त्यावरून होईल?

होईल, पण त्या फोटोत काय नाही हे आधी समजून घ्या. तो समोरून, सपाट उजेडात काढलेला असतो. नाकाची सावली नाही, डोळ्यांची खोली नाही, कानामागचा अंधार नाही. छाती, हात, मांडी तर नाहीच. त्यावरून 'बसलेली आजी' करायची म्हणजे नव्वद टक्के चित्र मनाने रचायचं, आणि मनाने रचलेले हात ओळखू येतात.

म्हणून मी घरच्यांना काही गोष्टी आणायला सांगते. लग्नातले, जावळातले, वास्तुशांतीचे ग्रुप फोटो, ज्यात ती मागे कुठेतरी अर्धवट दिसत असेल. अशा फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नसते, त्यामुळे मान कशी कलायची, खांदा कुठला खाली असायचा, हे तिथेच सापडतं. मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ असेल तर फारच चांगलं. तिचं खरं लुगडं असेल तर तेही आणा, धुवून इस्त्री न करता. घड्या जिथे पडल्या असतील तिथेच राहू द्या.

मग अंगलट जुळणाऱ्या लेकीला, भाचीला किंवा नातीला ते लुगडं नेसवून उजेडात बसवायचं. कापड, खांदे, बसण्याचा भार हे सगळं तिच्यावरून रंगवते. हात मात्र शक्यतो त्याच वयाच्या, तेच काम केलेल्या बाईचे घ्यावेत. कापूस वेचलेली बोटं आणि संगणकावर चालणारी बोटं यांत फार अंतर असतं. अशा वेळी शेजारच्या एखाद्या मावशी दुपारभर येऊन बसतात, गप्पा मारतात, आणि आजी कशी होती ते सांगतात. त्या गप्पांतूनही चित्रात बरंच उतरतं.

समोर बसायचं असेल तर किती वेळ बसावं लागेल?

एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं, मग चहा-पाणी, पाय मोकळे करणं, मग पुन्हा तेवढंच. सकाळची दोन-तीन तासांची अशी काही सत्रं लागतात. साठी ओलांडलेल्या बाईला यापेक्षा जास्त बसवू नये. व्हिल्हेल्म लाइब्ल या जर्मन चित्रकाराने चर्चमध्ये बसलेल्या ३ खेडूत बायकांचं चित्र १८७८ ते १८८२ एवढा काळ केलं, त्या बायकांना खरोखर चर्चमध्ये बसवून. त्यातल्या म्हाताऱ्या हातांसमोर मी विद्यार्थ्यांना नेहमी थांबवते. आम्हाला एवढा काळ लागत नाही.

बोललं तर चालतं. उलट बोला. गप्प बसवलेल्या बाईचा चेहरा पहिल्या दहा मिनिटांत ताठ होतो आणि तोच चित्रात अडकतो.

मे महिन्यात शक्यतो मी कोणाला बसवत नाही. पारा ४२ च्या वर गेला की नऊवारीत, डोक्यावर पदर घेऊन बसणं हा छळ आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

खुर्चीत बसवायचं की जमिनीवर?

ती रोज जशी बसते तशी. जिने जन्मभर जमिनीवर एक गुडघा उभा धरून भाकरी थापल्या तिला कोरीव खुर्चीत बसवलं की दोन्ही हात गुडघ्यांवर जातात आणि जुन्या फोटो स्टुडिओतला फोटो तयार होतो. बाजेच्या कडेवर बसवलं तर पाठ नैसर्गिक कलते. ओसरीच्या पायरीवर, खांबाला टेकूनही छान बसतात. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्यावीच, फक्त घरातली घ्यावी, जिच्यावर ती एरवी बसते.

बसलेल्या माणसाचं वजन खाली कुठेतरी टेकलेलं दिसलं पाहिजे. काळ्या लुगड्यात हे अवघड होतं, कारण मांडी, गुडघा, पोट सगळं एकाच गडद आकारात मिसळतं. गुडघ्यावर ताणलेलं कापड आणि मांडीवर साठलेल्या निऱ्या यांतला फरक दाखवला की शरीर आपोआप कळतं. म्हणून आधी कोळशाने फक्त बसणं काढते, चेहरा नंतर.

काळा रंग काळ्या ट्यूबमधूनच घ्यायचा का? (विद्यार्थ्यांचा प्रश्न)

माझ्या वर्गात या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा.

आधी ट्यूबा. आयव्हरी ब्लॅक हा जाळलेल्या हाडांचा रंग. पांढऱ्यात मिसळला की निळसर करडा देतो आणि सावकाश वाळतो. लॅम्प ब्लॅक म्हणजे शुद्ध काजळी. तोही निळसर आणि त्याहून सावकाश. मार्स ब्लॅक लोहाचा, लवकर वाळतो. यांतला कुठलाही वाईट नाही. बिघडतं ते तोच रंग सगळ्या लुगड्यावर सारखा फासल्यामुळे. मग बाईच्या जागी कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसतं.

पहिल्या पावसानंतरचं काळं रान आणि मे महिन्यात भेगाळलेलं तेच रान आठवा: माती एकच, पण एक जांभळट-चॉकलेटी आणि एक राखाडी. काळ्या कपड्याचं असंच असतं. उत्तरेचा थंड उजेड पडला की उजेडातला काळा निळसर करडा दिसतो आणि सावलीतला काळा तपकिरीकडे झुकतो. पिवळ्या बल्बखाली किंवा उन्हात हे उलटं होतं. म्हणून मी सुरुवातीला काळी ट्यूब बाजूला ठेवायला सांगते आणि बर्न्ट अंबर व अल्ट्रामरीन ब्लू यांतून काळा करायला लावते. अंबर वाढवला की उबदार, निळा वाढवला की थंड. एकाच मिश्रणातून दोन्ही बाजू मिळतात, आणि अंबरमुळे थर लवकर वाळतो. हात बसला की आयव्हरी ब्लॅक खुशाल घ्या.

दुसरी गोष्ट टोनची, म्हणजे गडद-उजळपणाची. डोळे किलकिले करून बघा. उघड्या डोळ्यांना लुगड्यात वीस छटा दिसतात, किलकिल्या डोळ्यांना तीन किंवा चार. त्याच रंगवायच्या. सगळ्यात गडद रंग फार थोड्या जागी ठेवायचा: पदराच्या आतली घडी, कोपराखालची जागा, मानेमागे पदर वळतो तिथे. बाकी सगळा कपडा त्याहून थोडा उजळच हवा, म्हणजे ते तीन-चार गडद ठिपके खोल जातात. बरेच जण घाईने आधीच तळ गाठतात आणि मग आणखी खोल जायला रंगच उरत नाही.

तिसरी गोष्ट कडांची. सावलीकडची कड पार्श्वभूमीत हरवू द्या. उजेडाकडची एखादीच कड, बहुधा खांद्याची, स्पष्ट ठेवा. सगळीकडून कापलेला काळा आकार चिकटवलेल्या कागदासारखा दिसतो.

पार्श्वभूमी कोणती घ्यावी?

अमेरिकी चित्रकार व्हिसलरने १८७१ मध्ये आपल्या आईचं चित्र केलं. ऍना व्हिसलर १८४९ मध्ये विधवा झाल्या होत्या आणि चित्रातही काळ्या वेशात आहेत. त्या बाजूने दिसतात, पाय चौरंगावर, हात मांडीत. मागची भिंत करडी. जवळपास १४४ × १६२ सेंटिमीटरच्या त्या कॅनव्हासवर उजळ जागा मोजक्याच: चेहरा, टोपी, हात, हातातला रुमाल, भिंतीवरच्या तसबिरीतला कागद. चित्रकाराने नावच करड्या-काळ्याची रचना असं दिलं होतं. १८९१ मध्ये फ्रेंच सरकारने ते विकत घेतलं आणि आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. व्हिसलर पुढे वास्तववादापासून लांब गेला, पण तरुणपणी तो कूर्बेच्या वर्तुळातला, आणि ते बाळकडू या चित्रात दिसतं.

त्यावरून धडा असा घ्या की काळ्या कपड्यामागे मध्यम करडी भिंत सगळ्यात सोयीची. आपल्याकडे ती तयारच मिळते. माळवदाच्या घरातली पांढऱ्या मातीने सारवलेली भिंत आतल्या अंधारात करडी-बदामी दिसते. दारातून किंवा झरोक्यातून एकाच बाजूने उजेड येतो. स्टुडिओत हजारो रुपयांचे दिवे लावून जे साधत नाही ते तिथे सकाळी नऊला आपोआप असतं.

कुठलं कापड नेसवावं?

सुती इरकल उजेड पिऊन घेतं, त्यामुळे रंगवायला सोपं आणि दिसायला भारदस्त. लाल काठ आणि लाल पदर असेल तर मांडीवर त्याची एक पट्टी येऊ द्या, तेवढा रंग पुरतो. रेशमी काळी पैठणी मात्र घडीघडीला चमकते आणि जरीमुळे नजर पळवते; ती निवडली तर जर निम्मी सावलीत जाईल असं बसवा. खांद्यावर काळी हिमरू शाल फार सुंदर दिसते, फक्त तिची नक्षी मोजत बसू नका. उजेडातल्या एका कोपऱ्यात नक्षी स्पष्ट आली की बाकीची बघणारा स्वतः पुरी करतो.

रशियन चित्रकार इव्हान क्राम्स्कोयचं 'अनोळखी स्त्री' (१८८३) इंटरनेटवर मोठं करून बघा. उघड्या बग्गीत बसलेली ती बाई गडद वेशात आहे, पण मखमल, फर, सॅटिनची फीत, चामड्याचा हातमोजा यांतला प्रत्येक गडद वेगळा आहे. हात न लावता कापड कळतं.

बुरख्यातल्या बाईचं चित्र करता का?

हो. शहराच्या जुन्या भागातून तशा मागण्या येतात. चेहरा किती दिसावा हे ती स्वतः ठरवते, घरातले इतर नाहीत. चेहरा झाकलेला असेल तर हात, बसण्याची ठेवण आणि कापडाचा भार यांवर सगळं चित्र उभं राहतं, आणि उभं राहतंही. जॉर्जेट किंवा क्रेपच्या काळ्यात आरपार दिसणाऱ्या कडा असतात. त्या पातळ थरांनी, खालचा थर वाळवून कराव्या लागतात.

दागिने किती घालावेत?

रोजचे. डोरलं, पाटल्या, कानातली कुडी. बँकेतल्या लॉकरमधलं सगळं एकदम नको.

वाळल्यावर काळ्या भागात पांढुरके, कोरडे डाग दिसतात. रंग उडाला का?

नाही. गडद रंगातलं तेल खालच्या थराने ओढून घेतलं की तो भाग मळकट-मंद दिसतो. अंबर आणि काळ्यात हे हमखास होतं. पूर्ण वाळल्यावर अगदी पातळ हाताने जवसाचं तेल लावून लगेच कापडाने पुसून काढलं की मूळ खोली परत येते, मग पुढचं काम करा. खालचे थर टर्पेन्टाइनने पातळ आणि वरचे तेलकट, हा क्रम मोडू नका. मोडला की काही वर्षांत काळ्या भागालाच आधी तडे जातात.

व्हार्निश लगेच लावून द्याल का?

सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. आणि असं व्हार्निश लावते जे पुढे कोणाला काढता येईल. निजामाच्या काळात, १९२० ते १९२२ मध्ये, अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी इटालियन तज्ज्ञ बोलावले होते. सुटत चाललेला गिलावा त्यांनी चिकटवला, ते काम मोलाचं होतं. पण चित्रांवर लावलेलं शेलॅक, म्हणजे लाखेचं व्हार्निश, पुढे पिवळं-तपकिरी पडलं आणि ते काढण्यात पुढच्या पिढ्यांची वर्षं गेली. काळ्या लुगड्यावर पिवळं पडलेलं व्हार्निश म्हणजे सगळा निळसरपणा गेला, उरला फक्त तपकिरी गढूळपणा.

चित्र घरात कुठे लावावं?

थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर नको. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर नको, बुरशी मागून चढते. भिंत आणि चौकटीत बोटभर अंतर ठेवा. देवघराच्या वर नको, समईची आणि उदबत्तीची काजळी काही वर्षांत चेहरा झाकते. ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरडा ब्रश पुरे.

आणि एक विनंती. गेलेल्या माणसाच्या तसबिरीला हार घालायची आपली रीत आहे, ती मलाही प्रिय आहे. पण तैलचित्राला हार घालू नका. ताज्या फुलांची ओल कॅनव्हास सैल करते आणि चंदनाचा हार वाऱ्याने हलून रंग खरवडतो. चित्राखाली छोटी फळी लावा आणि फुलं तिच्यावर ठेवा.

किती मोठं करावं?

हात आणि मांडीसकट बसलेली बाई मूळ आकाराजवळ हवी असेल तर साधारण ४० × ५० इंच. खोली लहान असेल तर ३० × ४०. त्याहून लहान करायचं असेल तर हात सोडून देऊन फक्त खांद्यापर्यंत करा. चिमुकले हात कोणालाच न्याय देत नाहीत.

अशी चित्रं प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

सातारा जिल्ह्यात औंधला श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि १९३८ मध्ये त्यांनी ते उभारलं. लांब आहे, पण मुक्काम करून जा. नांदेड-लातूरकडच्या मंडळींना हैदराबादचं सालारजंग संग्रहालय जवळ पडतं. तिथे युरोपीय तैलचित्रांचं दालन आहे. गोव्याला गेलात तर पणजीच्या फुंदासांव ओरियंत या संस्थेत त्रिंदाद यांची चित्रं बघा, विशेषतः घरातल्या उजेडातल्या बायका. आणि अजिंठा तर आपलाच. जे. जे.मध्ये शिकवणारे ग्रिफिथ्स साहेब तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला यायचे, पेस्तनजी त्यांच्यातलेच. डोळे अंधाराला सरावेपर्यंत १ क्रमांकाच्या लेण्यात थांबा, मोबाइलचा दिवा लावू नका. सोमवारी लेणी बंद असतात.